प्रश्न तुमचे : शंखात राहणारे खेकडे

प्रश्न : मालवणच्या खडपावर ओहोटीला छोटे शंख तुरुतुरु पळताना दिसतात. आतला खेकडा मूळ गोगलगायीला मारून शंख बळकावतो का?

उत्तर : सहसा नाही. गोगलगाय म्हातारपणाने मरते किंवा तिला दुसरंच कुणी खातं. शंखाला भोक पाडून मांस खाणाऱ्या शिकारी गोगलगायी आहेत, शंखाची कड मोडून खाणारे मोठे खेकडेही आहेत. मेलेल्या गोगलगायीचा वास पाण्यात पसरला की हे हर्मिट खेकडे तिथे जमतात आणि रिकाम्या शंखाची वाट बघतात. भोक पडलेला शंख त्यांना नको असतो. मिळालाच तर नाइलाज म्हणून वापरतात.

आपल्या खडकाळ किनाऱ्यावर क्लिबॅनेरियस आणि डायोजेनिस हे दोन गट नेहमी सापडतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे नांग्या. क्लिबॅनेरियसच्या दोन्ही नांग्या जवळपास सारख्या असतात, डायोजेनिसची डावी ठळकपणे मोठी असते.

शंख त्याच्या अंगाला चिकटलेला नसतो. त्याचं पोट मऊ आणि उजवीकडे पीळ घेतलेलं असतं. शेपटाच्या टोकाला आकड्यासारखे अवयव असतात, त्यांनी तो शंखाच्या मधल्या खांबाला घट्ट धरून बसतो. पायांच्या शेवटच्या दोन जोड्या अगदी आखूड असतात, कारण त्यांचं काम चालणं नसून आतून शंख पेलणं आहे. म्हणून ओढून काढायला गेलात तर तो बाहेर येत नाही, मधोमध तुटतो. पूजेचा दुर्मिळ दक्षिणावर्ती शंख नेहमीच्या शंखाच्या उलट्या पिळाचा असतो. त्यात हे पोट नीट बसायचं नाही.

प्रश्न : अलिबागहून मुलांनी बादलीत समुद्राचं पाणी आणि चार खेकडे आणले. दुसऱ्या दिवशी सगळे मेले. पाणी तर समुद्राचंच होतं.

उत्तर : पाणी समुद्राचं होतं, पण साचलेलं. हे खेकडे कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतात. बादलीतला प्राणवायू रात्रीत उतरतो, त्यांच्याच विष्ठेने अमोनिया वाढतो आणि उन्हात पाणी तापतं. एक मेला की तो कुजून बाकीच्यांना मारतो. नळाचं पाणी घातलं असेल तर आणखी लवकर. मुलांना दाखवायचे असतील तर उथळ भांड्यात दहा मिनिटं बघा आणि जिथून उचलले त्याच डबक्यात सोडा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. किनाऱ्यावरच्या दुकानातून मुलीने रंगवलेल्या शंखातले दोन खेकडे जाळीच्या पिंजऱ्यासह घेतले. दुकानदार म्हणाला, स्पंज ओला ठेवा आणि खाद्याच्या गोळ्या घाला, बास. पण ते सुस्त दिसतात.

उत्तर : पिंजरा आजच बदला. तिकडे विकले जाणारे हे खेकडे बहुतेक कॅरिबियन भागातले, जमिनीवर राहणारे सीनोबिटा असतात. त्यांचे कल्ले हवेतून श्वास घेतात, पण ओले असतील तरच. जाळीत हवा कोरडी राहते, म्हणून ते कित्येक दिवस हळूहळू गुदमरतात. लोकांना वाटतं, हे प्राणी अल्पायुषीच असतात. खरं तर तीस वर्षं जगण्याची क्षमता असलेला हा जीव आहे.

दोन लहान खेकड्यांना किमान ४० लिटरची, झाकणाची काचेची टाकी हवी. आर्द्रता ७५ ते ८५ टक्के आणि तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअस ठेवा. दोन्ही मोजायची यंत्रं टाकीत असू द्या, अंदाजावर भागत नाही. तापवायची चटई टाकीच्या बाजूच्या काचेला, वाळूच्या पातळीच्या वर लावा. खाली लावली तर वाळूत पुरून घेतलेला खेकडा भाजतो.

वाळूचे पाच भाग आणि नारळाच्या काथ्याचा भुगा एक भाग असं मिसळा. थर निदान १५ सेंटिमीटर, किंवा सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, यातलं जे जास्त ते. ओल इतकी हवी की मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल, पण पाणी गळणार नाही.

पाण्याची दोन भांडी हवीत : एक गोडं, एक खारं. दोन्ही इतकी खोल की खेकडा पूर्ण बुडेल, आणि बाहेर यायला खडे किंवा जाळी. खाऱ्यासाठी मत्स्यालयाचं सागरी मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात समुद्राचे बाकीचे क्षार नसतात. नळाचं पाणी क्लोरीन काढायचे थेंब घालूनच वापरा. रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडतो, पण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पाण्यात क्लोरामीन असतं, ते उडत नाही. स्पंज टाकून द्या, त्यात फक्त बुरशी वाढते.

रंगाचे कपचे सुटतात आणि खेकडा ते खातो. तेव्हा दर खेकड्यामागे तीन ते पाच साधे, गोल तोंडाचे टर्बो शंख ठेवा. तोंड त्याच्या मोठ्या नांगीपेक्षा किंचित मोठं असावं, कारण त्याच नांगीने तो आत शिरल्यावर दार लावतो. शंख उकळून गार करून ठेवा. गोळ्यांऐवजी सुकट (मीठ नसलेली), उकडलेलं अंडं कवचासकट, समुद्रफेण, ओलं खोबरं, फळं द्या. गोळ्यांच्या डब्यावर कॉपर सल्फेट लिहिलेलं असेल तर त्या नकोतच.

एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. यांची पैदास बंदिस्त जागेत क्वचितच साधते, कारण मादी अंडी समुद्रात सोडते आणि पिल्लं आठवडेच्या आठवडे पाण्यात तरंगत रूपं बदलतात. दुकानातला जवळपास प्रत्येक खेकडा जंगली किनाऱ्यावरून उचललेला असतो. आहेत त्यांना नीट सांभाळा, नवीन घेऊ नका.

प्रश्न : माझ्या पाळीव खेकड्याने स्वतःला वाळूत गाडून घेतलंय, तीन आठवडे झाले. उकरून बघू का?

उत्तर : अजिबात नको. तो कात टाकतोय. अंग मऊ पडतं, नवं कवच कडक व्हायला वेळ लागतो, आणि तुटलेला पायही याच काळात पुन्हा फुटतो. मध्यम आकाराच्या खेकड्याला चार ते आठ आठवडे लागतात, मोठ्याला त्याहून जास्त. उकरलात तर एक तर त्याला इजा होते किंवा दुसरे खेकडे त्याला खातात. शेजारी टाकलेली कातही उचलू नका, कॅल्शियमसाठी तो ती स्वतःच खातो.

वाळूवर पडलेलं रिकामं अंग बघून घाबरू नका. कात हलकी आणि पोकळ असते. मेलेल्याला कुजक्या मासळीचा असा वास येतो की शंका उरत नाही. जिवंत खेकडा नुसता शंखाबाहेर आला असेल तर एका पेल्यात थोडं क्लोरीनमुक्त पाणी, त्याचा शंख आणि तो, असं एकत्र ठेवून अंधारात सोडा. बहुतेकदा तो परत आत जातो.

प्रश्न : किनाऱ्यावरचे रिकामे शंख वेचून आणणं चूक आहे का?

उत्तर : चार शंखांनी आभाळ कोसळत नाही. पण पिशवीभर नेऊ नका, कारण शंखांची टंचाई खरी असते आणि तिचं नाट्य बघण्यासारखं आहे. जमिनीवरच्या या खेकड्यांत मोठा रिकामा शंख सापडला आणि तो पहिल्याला जास्तच मोठा निघाला, तर तो निघून जात नाही, शेजारी थांबतो. हळूहळू बाकीचे येतात आणि मोठ्यापासून लहानापर्यंत रांग धरतात. योग्य मापाचा आला आणि त्याने शंख घेतला की पुढच्या काही क्षणांत प्रत्येक जण पुढच्याच्या मोकळ्या शंखात. शेवटी सर्वांत लहान शंख रिकामा राहतो. एका शंखाने इतक्यांची सोय होते. प्लॅस्टिकच्या टोपणात राहणारे खेकडेही जगात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत.

शंख राहू द्या, बाटल्या मात्र जरूर उचला. हिंदी महासागरातली कोकोस (कीलिंग) बेटं आणि प्रशांत महासागरातलं हेंडरसन बेट इथल्या पाहणीत बाटल्या-डब्यांत अडकून सुमारे ५ लाख ७० हजार खेकडे मेल्याचा अंदाज निघाला. बाटलीचं तोंड वर कललेलं असलं की आत गेलेल्याला गुळगुळीत भिंत चढता येत नाही. तो मरतो, आणि मेलेल्याचा वास म्हणजे इतरांसाठी ‘शंख मोकळा झाला’ अशी खबर. ते येतात आणि त्याच बाटलीत पडतात.

प्रश्न : नारळ फोडणारा खेकडा याच कुळातला का?

उत्तर : हो, सीनोबिटाचा जवळचा नातलग. लहानपणी शंख वापरतो, पुढे पोटाची पाठ कडक होते आणि शंख सुटतो. वजन ४ किलोपर्यंत जातं. अंदमान-निकोबारच्या काही बेटांवर तो आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला पकडणं गुन्हा आहे.