वाचकांचे प्रश्न : सौर प्रकल्पाची जागा आणि उपग्रहाचा नकाशा

प्रश्न (शिंदखेडा, जि. धुळे) : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला पीएम-कुसुम या केंद्राच्या सौर योजनेच्या ‘अ’ घटकात २ मेगावॉटचा प्रकल्प करायचा आहे. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरच्या नकाशात आमच्या शिवारात एक मोठा पट्टा पडीक दिसतो; प्रत्यक्षात निम्म्या भागावर कपाशी उभी आहे. याहून बारीक नकाशा फुकट मिळतो का?

उत्तर : मिळतो. ‘भुवन’चा भूवापर नकाशा १:५०,००० प्रमाणाचा आहे. त्यातला १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, त्यामुळे एकरा-दीड एकराचं वावर शेजारच्या बरडात विरघळून जातं. जिल्ह्याचा अंदाज घ्यायला तो चांगला. जागा निवडायला नाही.

युरोपीय अवकाश संस्थेचा ‘वर्ल्डकव्हर’ घ्या. त्याचा पिक्सेल १० मीटरचा आहे आणि २०२० व २०२१ या वर्षांचे नकाशे आहेत. दोन्ही वर्षांची पद्धत वेगळी असल्याने त्यांच्यातला प्रत्येक फरक जमिनीवरचा बदल समजू नका. २०२१ चाच वापरा. ताजं काही हवं असेल तर गुगल आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचा ‘डायनॅमिक वर्ल्ड’ सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या नव्या चित्रांवरून सतत तयार होत असतो.

‘वर्ल्डकव्हर’च्या फायली ३ अंशांच्या चौकोनात येतात, आणि २१ उत्तर व ७५ पूर्व या रेषा खानदेशातच, अमळनेर-पारोळ्याच्या बाजूला एकमेकींना छेदतात. म्हणून पूर्ण खानदेशाला चार फायली लागतात. तुमच्या तालुक्यासाठी एन२१ई०७२ (नैऋत्य कोपरा २१ उत्तर, ७२ पूर्व) घ्या. तालुक्याची दक्षिण कड तुटत असेल तर जोडीला एन१८ई०७२.

२ मेगावॉटला साधारण ८ ते १० एकर लागतात. १० मीटरचा पिक्सेल १०० चौरस मीटरचा, म्हणजे एकराला ४० पिक्सेल आणि तुमच्या प्रकल्पाला सव्वातीनशे ते चारशे. एवढ्यावर जागा हेरता येते. विहीर, बांध, चार मीटरचा नाला, विजेचा खांब मात्र यात दिसणार नाही. ते गुगल अर्थच्या चित्रावर हाताने आखावं लागतं.

क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक-प्रणालीत वीज उपकेंद्राभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि त्यातले ‘वर्ल्डकव्हर’चे ३० (गवत) व ६० (उघडी जमीन) हे वर्ग वेगळे करा. ‘सीव्ह’ने १०० पिक्सेलपेक्षा लहान ठिपके काढून टाका. उरलेल्याचे पॉलिगॉन (बंद आकृत्या) करून त्यांना उणे २० मीटरचं बफर द्या, म्हणजे कड तेवढी आत घ्या. नाल्याकाठच्या चिंचोळ्या पट्ट्या तिथेच गळतात. राहिलेल्यांपैकी ४ हेक्टरच्या वरचे ठेवा.

आता खरी पारख. आपल्याकडचं कोरडवाहू वावर मे महिन्यात उघडंबोडकं असतं आणि पडीक ठेवलं तर गवताळ दिसतं, त्यामुळे एका वर्गावर विसंबू नका. कोपर्निकस ब्राउझरवर खातं उघडून सेंटिनेल-२ ची तीन चित्रं घ्या : ऑक्टोबरअखेर, जानेवारीअखेर आणि मेचा मध्य. जून ते सप्टेंबर बहुतेक ढगच मिळतात. प्रत्येक चित्राचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, काढा (बँड ८ उणे बँड ४, भागिले दोघांची बेरीज). ऑक्टोबरअखेर ०.५ च्या वर आणि मेमध्ये ०.२ च्या खाली असेल तर ते बहुधा वावर आहे. माळावरचं गवत लवकर पिवळं पडतं; कपाशी डिसेंबरपर्यंत हिरवी राहते. शंका राहिलीच तर डिसेंबरचं एक चित्र जास्तीचं घ्या.

उलटी चूकही होते. या नकाशात ‘पीक’ म्हणजे फक्त हंगामी पीक. लिंबू, मोसंबीची बाग झाडोऱ्यात मोजली जाते, आणि वेड्या बाभळीने व्यापलेली पडीक जमीनही तिथेच जाते. शेवटी मोबाइल घेऊन चाळीस-पन्नास ठिकाणी फिरून या. हे टाळू नका.

प्रश्न (साक्री, जि. धुळे) : ‘वर्ल्डकव्हर’चा नकाशा यूटीएममध्ये (अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत) बदलल्यावर शेतांच्या कडेला ‘वस्ती’ची किनार उमटली. उताराच्या नकाशात तर सगळा तालुका ८९ अंशांचा दिसतो. काय चुकलं?

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत. रूपांतर करताना ‘बायलिनियर’ निवडलं गेलं असणार. त्यात शेजारच्या आकड्यांची सरासरी निघते. पिकाचा आकडा ४०, उघड्या जमिनीचा ६०, त्यांची सरासरी ५०, आणि ५० म्हणजे बांधकाम. आकडे इथे नुसती नावं आहेत. ‘निअरेस्ट नेबर’ निवडून पुन्हा करा.

उतार ज्या उंचीच्या फायलीवरून काढलात, तिच्यात उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अंशांत आहे. मीटरभराचा चढ अंशाच्या हजारातल्या भागावर पडतो, म्हणून सगळीकडे कडा उभा राहतो. उंचीची फाइल आधी यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये आणा (इथे ‘बायलिनियर’ चालतं) आणि मग उतार काढा. उत्तर अंशांत हवं की टक्क्यांत, ते तपासा : ५ अंश म्हणजे ८.७ टक्के. शक्यतो ५ टक्क्यांच्या आतली जागा धरा, आणि उत्तरेकडे उतरणारी असेल तर आणखी काटेकोर राहा.

प्रश्न (नंदुरबार) : नकाशात उघडी जमीन, सातबाऱ्यावर गायरान. मोकळी धरायची का?

उत्तर : नाही. उपग्रह जमिनीवर काय आहे ते सांगतो, कोणाचं आहे ते नाही. महाभूनकाशा या राज्याच्या गटनकाशांच्या संकेतस्थळावर गट नंबर जुळवा. भोगवटादार वर्ग, इतर हक्क, पोटखराबा ‘ब’ (नाला, रस्ता) आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे पाहा. धुळे-नंदुरबारच्या माळांवर ठेलारी मेंढपाळांचे कळप चरतात. मेमधल्या चित्रात तो माळ ओसाड दिसतो आणि पावसाळ्यात तेच कुरण असतं. ग्रामसभेत विषय मांडण्याआधी तिथे कोण आणि कोणत्या महिन्यात जनावरं घालतं, ते गावात विचारून नकाशावर लिहून ठेवा.