द्राक्षाचा मणी आणि लहानग्यांचा घसा

प्रश्न: आमच्या बालवाडीत अडीच ते पाच वर्षांची तीस मुलं आहेत. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला, की वाढदिवसाला पालक घरच्या बागेतले घड पाठवतात. परवा एका मुलाला मणी अडकून जोराचा ठसका लागला. खोकून तो बाहेर पडला, पण आम्ही फार घाबरलो. द्राक्षं बंदच करावीत का?
– एक बालवाडीताई, मखमलाबाद, नाशिक

उत्तर: बंद करू नका, ताई. नाशिकच्या मुलांनी द्राक्षं खायची नाहीत, हे काही बरं नाही. मात्र पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा मणी देऊ नका, एकही नाही. मणी गुळगुळीत आणि मऊ असतो. श्वासनलिकेच्या तोंडाशी तो बुचासारखा बसतो आणि हवा जायला फटही उरत नाही. त्यात दुधाच्या दाढा पुऱ्या यायलाच अडीच वर्षं लागतात, नीट चावण्याची सवय त्याहून उशिरा लागते.

मणी धुऊन देठापासून टोकापर्यंत उभा चिरा, मग दोन्ही भाग पुन्हा उभे चिरा. एका मण्याच्या चार फोडी झाल्या पाहिजेत. आडवं चिरून उपयोग नाही, चकती गोलच राहते. थॉमसन जातीचा लांबट मणी असो की शरद जातीचा काळा, नियम तोच. प्रत्येकी पाच मणी धरले तरी दीडशे मणी होतात. सकाळच्या घाईत हे जमत नाही आणि ‘आज असेच देऊ’ म्हणून अख्खे मणी वाटले जातात. त्यापेक्षा पालकांनाच चिरून डबा पाठवायला सांगा. अख्खे घड आले, तर मुलांना घरी जाताना पालकांच्या हाती द्या.

खाताना मुलं मांडी घालून बसलेली हवीत आणि एक ताई त्यांच्याकडे तोंड करून. रिक्षात, व्हॅनमध्ये खाऊ नको.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. पाठीत थापट्या मारू नका, पाणी पाजू नका. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर एकीने १०८ला फोन करावा. दुसरीने मुलाला पुढे वाकवून, छातीला हाताचा आधार देऊन, दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने ५ जोरदार थापा द्याव्यात. तरीही सुटलं नाही, तर मागे गुडघ्यावर बसून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर असे ५ झटके द्यावेत. मणी निघेपर्यंत आळीपाळीने हेच. मूल बेशुद्ध झालं तर जमिनीवर आडवं करून सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करा. दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, मणी आणखी आत जातो. पोटावर झटके दिले असतील, तर मूल खेळू लागलं तरी डॉक्टरांना दाखवाच. हे वाचून हाताला येत नाही, सगळ्या तायांनी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्यावं.

शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्याही या वयाला नकोत. शेंगदाण्याचा बारीक कूट चालतो. दाण्याचा तुकडा फुप्फुसाच्या नळीत गेला, तर ठसका थांबतो, मूल खेळू लागतं, आणि काही दिवसांनी खोकला, घरघर किंवा ताप सुरू होतो. अशा वेळी ‘त्या दिवशी दाणे खाताना ठसका लागला होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं, नाहीतर साध्या खोकल्याचं औषध चालू राहतं. ठसक्याची तारीख आणि खाऊ वहीत लिहून ठेवा, पालकांनाही त्याच दिवशी कळवा.