तुमचे प्रश्न: लायपो केलं की वजन उतरतं का हो डॉक्टर?

प्रश्न: वय ४१, वजन ८४ किलो, दोन सिझेरियन झालीत. जिम, डाएट सगळं करून बघितलं पण पोट काही हलत नाही. सोसायटीतली एकजण म्हणाली लायपोमध्ये एका दिवसात १५ किलो उतरतं, टाकेबिके काही नाहीत, संध्याकाळी घरी. खरं का? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, ते १५ किलोचं आधी डोक्यातून काढा. लायपो म्हणजे कातडीखालची चरबी नळीने ओढून काढणं. एका वेळी साधारण ५ लिटरच्या वर आम्ही जात नाही, आणि त्या ५ लिटरमध्ये नुसती चरबी नसते, चरबी सैल व्हावी आणि रक्त कमी जावं म्हणून आधी जे औषधाचं पाणी आत सोडतो तेही त्यातच येतं, त्यामुळे काट्यावर फार फरक दिसत नाही आणि पहिले काही दिवस तर सुजेमुळे वजन उलट जास्तच भरतं, मग पेशंट घाबरून फोन करतात. लायपो शेप साठी आहे, वजनासाठी नाही. वजन आधी उतरवायचं आणि मग जे हट्टी राहतं त्यासाठी आमच्याकडे यायचं.

घरीच बघा एक. उभं राहून पोट चिमटीत धरा. जे चिमटीत येतं तेवढंच आमच्या नळीला मिळतं. पोट पुढे आहे पण टणक लागतंय, चिमटीत फारसं येतच नाही, असं असेल तर चरबी आत आतड्यांभोवती आहे, तिथे नळी घालायचा प्रश्नच येत नाही, तिला चालणं आणि जेवणच लागू पडतं. आता उताणं झोपून डोकं थोडं उचला, बेंबीच्या वर मधोमध उंचवटा आला किंवा बोटं आत गेली तर बाळंतपणात पोटाचे स्नायू फाकलेत, मग कितीही चरबी काढा, पोट पुढेच. (हर्निया नाही ना हेही एकदा तपासून घ्या.) त्याला टमी टक लागतं, म्हणजे स्नायू शिवायचे, सैल कातडी काढायची, आणि टाके या कमरेपासून त्या कमरेपर्यंत. व्रण राहतो. चड्डीच्या रेषेत लपवतो आम्ही, वर्ष-दीड वर्षात फिका पडतो, पण पुसला जात नाही, आणि "नो स्कार" अशी जाहिरात करणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही.

संध्याकाळी घरी, हे छोट्या लायपोत खरं आहे. पुढे महिनाभर तरी तो घट्ट बेल्ट घालायचा असतो, मे महिन्यात सांगलीत कसं वाटेल विचार करा.

प्रश्न: मुलगा २२ वर्षांचा, अंगाने बारीक पण छाती मुलींसारखी. पोहायला जात नाही, उन्हाळ्यातही जॅकेट. हे म्हणतात पुशअप मार, जाईल. – एक आई, नाशिक

उत्तर: पुशअपनं स्नायू वाढतील, गाठ जाणार नाही. निपलमागे बोटाला टणक चकती लागत असेल तर ती ग्रंथी आहे. वयात येताना बऱ्याच मुलांना हे होतं आणि बहुतेकांचं एक-दोन वर्षांत आपोआप जातं, पण २२ व्या वर्षीही तसंच असेल तर आता आपोआप जाणं अवघड. आधी हार्मोनच्या तपासण्या, आणि जिममध्ये कसली इंजेक्शनं चाललीत का हे प्रेमाने विचारा. मग ऑपरेशन. याला नखरे म्हणू नका हो.

प्रश्न: हे सगळं नटनट्यांचं आणि फॉरेनचं फॅड नाही का? – एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर: सर, उलट आहे, ही विद्या इथूनच तिकडे गेली. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेला कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता इंग्रजी फौजेतला, त्याला नवं नाक बसवलं ते पुण्याजवळ, आणि बसवणारा विटा घडवणाऱ्या जातीतला माणूस. त्याने आधी मेणाचं नाक करून मापाला लावलं, तेच मेण चपटं करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी भुवयांच्या मध्ये देठ ठेवून खाली फिरवली, म्हणजे रक्तपुरवठा चालू! १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये हे चित्रासकट छापून आलं, तेव्हा कुठे तिकडच्या डॉक्टरांना कळलं, आणि कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच केलं. कपाळावरून कातडी फिरवून नाक आजही आम्ही करतो, कॅन्सर किंवा अपघातानंतर.

प्रश्न: मेडिक्लेम मिळतो का?

उत्तर: नुसतं दिसण्यासाठी असेल तर नाही, वर १८ टक्के जीएसटी. भाजणं, अपघात, कॅन्सरनंतरची दुरुस्ती यात मिळू शकतो, आधी पॉलिसी वाचा.

प्रश्न: पार्लरमध्ये ओठांना फिलर स्वस्तात आहे, ऑपरेशन थोडीच आहे, घेऊ का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: नको. फिलर, म्हणजे ओठ भरीव दिसायला टोचतात ते जेल, चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडते, नाकाजवळ गेलं तर नजरही जाऊ शकते, क्वचित होतं पण होतं. बऱ्याचदा वापरतात ते हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते लगेच द्यावं लागतं आणि पार्लरमध्ये ते ना असतं ना कुणाला देता येतं. ऑपरेशन करायचं असेल तर पाटीवरचं "कॉस्मेटॉलॉजिस्ट" बघून आत शिरू नका, प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का विचारा आणि रजिस्ट्रेशन नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साईटवर टाकून बघा. विचारल्यावर डॉक्टर चिडला तर दुसरा बघा.