नवीन काळी गाडी घेतोय, रोज चाकणला जा-ये आणि झाडाखाली पार्किंग. सिरॅमिक कोटिंग करावं की पीपीएफ?

शोरूमवाला कोटिंगचं पॅकेज गळ्यात मारतोय आणि मित्र म्हणतो पीपीएफच कर, असं तुम्ही लिहिलंय. दोघंही या गोष्टी एकमेकींना पर्याय असल्यासारख्या सांगतात, तिथेच घोळ होतो. कोटिंग म्हणजे रंगावर फासून वाळवायचा द्रव, त्याने गाडी धुणं सोपं होतं. पीपीएफ म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म, ती खडीचा मार अंगावर घेते. मी पिंपरीत डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आहे, दोन्हींपैकी काहीच विकत नाही, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहितो.

पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर ४०-५० च्या आसपास. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या घरात असतो, म्हणजे जी चमक बघून तुम्ही गाडी पसंत केलीत ती केसापेक्षाही पातळ आहे. त्यावर सिरॅमिकचा थर बसतो तो मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा, पुष्कळदा त्याहूनही कमी. चांगली पीपीएफ मात्र १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. तळेगाव-चाकण रस्त्यावर डंपरच्या मागच्या चाकातून सुटलेला खडा यातलं काय अडवेल, ते तुम्हीच बघा.

आता कोटिंग विकताना सांगतात ते '९एच' कठीणपण. हा आकडा हिऱ्याच्या जवळपासचा म्हणून ऐकवला जातो, कारण कठीणपणाच्या मोहस् मापात हिरा १० वर आहे. पण ही ९एच पेन्सिलची आहे. शिशाच्या पेन्सिली एचबी, २एच, ४एच अशा असतात ना, त्यातली ९एच पेन्सिल घासूनही चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. धुळीतले वाळूचे कण पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण असतात. तसंच बॉनेटवर लायटर पेटवून दाखवतात, मार्करने रेघ मारून पुसून दाखवतात. कंपनीचा क्लिअर कोटही तेवढं सोसतो, कोटिंग नसलेल्या पॅनलवर तेच करून दाखवा म्हणा.

याचा अर्थ कोटिंग फालतू आहे असा नाही. पाणी थेंब होऊन घरंगळतं, चिखल चिकटून बसत नाही, काळ्या रंगाला खोली येते. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक लगेच क्लिअरमध्ये उतरत नाही, थोडा अवधी मिळतो. पण अवधीच. उन्हात तापलेल्या काळ्या बॉनेटवर विष्ठा दिवसभर वाळली, तर कोटिंग असूनही डाग खाली कोरला जाईल. दिसली की ओलं फडकं काही मिनिटं वर ठेवा, मऊ होऊ द्या आणि उचलून घ्या, घासू नका. बोअरचं पाणीही गाडीवर वाळू देऊ नका. थेंब गोल उभा राहतो म्हणून कोटिंगवर क्षारांचे डाग कधीकधी जास्तच ठळक उठतात.

माझ्याकडे पॉलिशला येणाऱ्या काळ्या गाड्यांची दैना खडीने कमी आणि सोसायटीतल्या गाडी पुसण्याने जास्त झालेली असते. पहाटे एक बादली, जुन्या बनियनचं एक फडकं आणि रांगेतल्या सगळ्या गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत पाणी चहाच्या रंगाचं होतं. त्याच फडक्याने आधी कोरडी धूळ ओढायची, मग ओला हात फिरवायचा. चाकणकडची धूळ म्हणजे बांधकामाची वाळू आणि क्रशरची भुकटी. वर्षभरात उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसायला लागतात, पांढऱ्या गाडीवर ते लपतात, काळ्यावर ओरडतात. मग पॉलिश करायचं, म्हणजे त्याच ४०-५० मायक्रॉनमधून थोडं खरवडून काढायचं. किती वेळा काढणार? पुसणाऱ्या दादांना बाहेरून न पुसता फक्त काचा पुसायला सांगा, पैसे तेवढेच द्या. आठवड्याला स्वतः धुवा: आधी पाण्याच्या झोताने धूळ पाडायची, मग शाम्पू, दोन बादल्या, मायक्रोफायबर. हे जमणार नसेल तर कोटिंगवर पैसे घालू नका, फडकं तेही खाऊन टाकेल.

फिल्मचं म्हणाल तर तिचा उगम व्हिएतनाम युद्धातला, हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-खड्यांपासून वाचवायला. आज बाजारात फिल्मच्या प्लास्टिकची टीपीयू (लवचिक पॉलियुरेथेन) आणि टीपीएच अशी दोन नावं ऐकाल. टीपीएच ही पीव्हीसीच्याच घराण्यातली, स्वस्त आणि लवकर पिवळी पडणारी. टीपीयूच घ्या, आणि रोलच्या खोक्यावरचा नंबर बिलावर लिहून घ्या. चरे आपोआप भरतात हे खरं, पण फक्त वरच्या थरातले बारीक चरे, तेही ऊन किंवा गरम पाणी लागल्यावर. किल्लीने मारलेली रेघ भरत नाही. दुकानात एकच प्रश्न जरूर विचारा: कापणार कुठे? प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, आधीच कापून आणत असतील तर ठीक. गाडीवर चिकटवून वर ब्लेड फिरवणार असतील तर उठून या. फिल्म काढल्यावर बंपरच्या कडेने सुरीची रेघ पार प्रायमरपर्यंत गेलेली मी बघितली आहे.

तुमच्या जागी मी असतो तर पूर्ण गाडीला फिल्म लावली नसती, त्याला लाखाच्या पुढेही खर्च जातो. पुढचा बंपर, बॉनेट, आरसे आणि दाराच्या हँडलमागची वाटी, जिथे नखं आणि अंगठ्या लागतात, एवढ्याला टीपीयू. बाकी अंगाला हवं तर कोटिंग. क्रम हाच ठेवा, आधी फिल्म, मग कोटिंग. गुळगुळीत थरावर फिल्म नीट धरत नाही.

शोरूमचं पॅकेज घेऊ नका. तिथे डिलिव्हरीच्या घाईत गाडी धुतात, पुसतात आणि वरून फासतात. खालचे चरे पॉलिशने न काढता कोटिंग केलं तर ते चरे तसेच खाली राहतात. उलट डिलिव्हरीआधी गाडीला पॉलिश करू नका आणि फडकं लावू नका असं लेखी सांगून ठेवा. विम्याचंही आधीच विचारून घ्या. अपघातात पॅनल बदललं किंवा रंगवलं की त्यावरची फिल्म आणि कोटिंग गेलंच, ते पॉलिसीत वेगळं नोंदवलेलं नसेल तर खर्च बहुधा तुमच्या खिशातून जातो. आणि नव्याने रंगवलेल्या पॅनलवर महिना-दीड महिना तरी फिल्म लावू देऊ नका, रंग पूर्ण सुकलेला नसतो आणि पुढे फिल्म काढताना तिच्याबरोबर सोलून येतो.