साखरपुड्याला दहा दिवस आहेत, म्हणून आधी पायवाट

अरे, साखरपुड्याआधी परसात पायवाट आणि शेकोटी दोन्ही करायची म्हणतोस, पण शेकोटीचा खड्डा दोन दिवसांत होतो. वेळ खाते ती पायवाट, तिथूनच सुरुवात कर.

तुझ्या परसात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची फरशी हलायला लागते. म्हणून निदान सहा-आठ इंच खोद, मुरूम (भरड, खडेरी माती) दोन थरांत टाक आणि प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमसाने ठोक. कंटाळा आला की लोक इथेच घाई करतात; तू करू नकोस. वर दीड इंच कच, म्हणजे दगडाची बारीक चुरी, त्यावर फरशी. दोरी बांधून घरापासून बाहेर उतार ठेव, चार फुटांना साधारण एक इंच. सिमेंटात बसवलीस तर आठवडाभर पाणी मारत बसावं लागेल. कोरडीच बसव, सांध्यांत कच झाडून भर, त्याच संध्याकाळी चालता येतं.

आता शेकोटी. गोदावरीतले गोटे सुंदर दिसतात हे मान्य, पण आगीजवळ ते अजिबात लावायचे नाहीत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो, कपच्या उडतात. पोरंटोरं भोवती बसणार आहेत! शहाबादी फरशीही नको, ती चुनखडीची, तापून तडकते. आतून भट्टीला लावतात त्या आग सोसणाऱ्या विटा (फायरब्रिक) लाव, काळा पाषाण फक्त बाहेरून. आतला व्यास तीन फूट, तळाला खडी, म्हणजे पाणी साचणार नाही. घर आणि आंब्यापासून दहा फूट तरी लांब.

मुरमाची गाडी उद्याच सांग.