अर्धगुणसूत्री विभाजन दोन टप्प्यांत का होते?

अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार करणाऱ्या पेशीविभाजनात, पहिल्याच विभाजनात ४६ गुणसूत्रांची २३ झाली, तर मग दुसऱ्या विभाजनाची गरजच काय, आणि एकाच आईवडिलांची दोन मुले एकमेकांपासून इतकी वेगळी का निघतात, असे तुम्ही विचारले आहे. हे प्रश्न दोन वेगळ्या धड्यांतले वाटत असले तरी दोघांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. पहिल्या विभाजनाच्या पूर्वावस्थेत, म्हणजे सुरुवातीच्या अवस्थेत, सजातीय गुणसूत्रे, म्हणजे आईकडून आलेले आणि वडिलांकडून आलेले त्याच क्रमांकाचे गुणसूत्र, एकमेकांशेजारी येऊन जोडी बांधतात, ते हे ठिकाण. अवस्थांची नावे क्रमाने पाठ करण्याच्या घाईत नेमकी हीच घटना एका ओळीत उरकली जाते आणि मग पुढचे सगळे विनाकारण अवघड वाटू लागते. म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आधी मोजणीचा गोंधळ दूर करू, कारण तुमच्या पहिल्या शंकेचे मूळ तिथेच आहे. गुणसूत्रांची संख्या गुणसूत्रबिंदूंवरून, म्हणजे गुणसूत्राच्या दोन प्रती जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात त्या जागांवरून, मोजली जाते. विभाजनाला सुरुवात होण्याआधी पेशी आपल्या सर्व डीएनएची प्रत तयार करते, परंतु मूळ आणि प्रत ही दोन्ही अर्धगुणसूत्रे गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेलीच राहतात, त्यामुळे डीएनए दुप्पट होऊनही गुणसूत्रे ४६ च मोजली जातात. अर्धगुणसूत्रे मात्र आता ९२ असतात. पहिल्या विभाजनात जोडीतले एक गुणसूत्र एका टोकाकडे आणि दुसरे दुसऱ्या टोकाकडे जाते. प्रत्येक नव्या पेशीत २३ गुणसूत्रे येतात, पण त्यातले प्रत्येक अजूनही दुहेरीच असते. म्हणजे संख्या निम्मी झाली, तरी त्या पेशीतला डीएनए वजनाने शरीरातल्या साध्या, न विभागणाऱ्या पेशीइतकाच आहे. युग्मकात, म्हणजे शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत, याच्या निम्मा डीएनए असायला हवा, आणि ते काम दुसरे विभाजन करते. त्यात गुणसूत्रबिंदू दुभंगतो, दोन्ही अर्धगुणसूत्रे वेगळी होतात आणि अखेरीस २३ एकेरी गुणसूत्रे असलेल्या पेशी तयार होतात. संख्या कधी निम्मी झाली आणि डीएनए कधी निम्मा झाला, या दोन नोंदी वहीत वेगवेगळ्या ठेवल्या की हा धडा निम्म्याहून अधिक सुटतो.

हे कागदावर एकदा स्वतः काढून पाहाच, नुसत्या वाचनाने ते मनात बसत नाही. लाल आणि निळी अशा दोन पेन्सिली घ्या. आईकडून आलेली गुणसूत्रे लाल आणि वडिलांकडून आलेली निळी धरा. एक लांब जोडी आणि एक आखूड जोडी, अशी फक्त चार गुणसूत्रे काढा. त्यांच्या प्रती काढा आणि प्रत्येकाला इंग्रजी एक्ससारखा आकार द्या. आता लांब लाल आणि लांब निळे शेजारीशेजारी ठेवा, आखूड जोडीचेही तसेच करा, आणि शेजारी आलेल्या लाल व निळ्या भुजांच्या टोकांची अदलाबदल दाखवा. या क्षणी तुमच्या लक्षात येईल की ज्या दोन अर्धगुणसूत्रांना आपण एकमेकांची हुबेहूब प्रत म्हणत होतो, त्यांच्यापैकी एकाचे टोक आता दुसऱ्या रंगाचे झाले आहे. त्यामुळे दुसरे विभाजन दिसायला सूत्री विभाजनासारखे, म्हणजे शरीराच्या वाढीतल्या साध्या पेशीविभाजनासारखे, असले, तरी त्यातून वेगळ्या होणाऱ्या दोन पेशी सहसा एकसारख्या नसतात. पुस्तकांतल्या बऱ्याच आकृत्यांत ही अदलाबदल एका चित्रात दाखवतात आणि पुढच्या चित्रात रंग पुन्हा सरसकट भरतात, ही मला त्यांतली मोठी उणीव वाटते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारेल की शेवटी एकेरीच गुणसूत्रे हवी असतील, तर प्रत न काढता एकदाच विभाजन करून जोड्या वेगळ्या का करू नयेत? हा प्रश्न अतिशय चांगला आहे आणि त्याचे उत्तर यांत्रिक स्वरूपाचे आहे. जोडी योग्य रीतीने वेगळी व्हायची असेल, तर दोन्ही टोकांकडून तर्कुतंतूंचा, म्हणजे गुणसूत्रांना ओढणाऱ्या धाग्यांचा, ताण बसेपर्यंत ती एकत्र टिकली पाहिजे, नाहीतर दोन्ही गुणसूत्रे आपापल्या मर्जीने कोणत्याही टोकाकडे जातील. तिला एकत्र कोण धरून ठेवते? प्रत काढली गेल्यापासून मूळ आणि प्रत यांना कोहेसिन नावाची प्रथिने लांबीभर बांधून ठेवतात. लाल आणि निळ्या भुजांची जिथे अदलाबदल झाली, त्याच्या पुढच्या भागात लाल तुकडा निळ्या गुणसूत्रावर गेलेला असतो, पण कोहेसिनमुळे तो आपल्या लाल जोडीदाराशी बांधलेलाच असतो. या बांधणीमुळेच लाल आणि निळे गुणसूत्र एकमेकांत अडकून राहतात. प्रतच नसती, तर ही बांधणीही नसती आणि पहिले विभाजन विस्कळीत झाले असते. पहिल्या पश्चावस्थेत, म्हणजे गुणसूत्रे टोकांकडे ओढली जातात त्या अवस्थेत, भुजांवरचे कोहेसिन तुटते आणि जोडी सुटते, गुणसूत्रबिंदूजवळचे मात्र राखून ठेवले जाते आणि ते दुसऱ्या पश्चावस्थेत तुटते. दोन टप्पे आहेत ते असे, एकाच बंधनाच्या दोन वेळा सुटण्यामुळे.

जोडी बांधणे किती मोलाचे आहे, हे खेचराच्या उदाहरणातून स्पष्ट होते. घोड्याच्या पेशीत ६४ आणि गाढवाच्या पेशीत ६२ गुणसूत्रे असतात, तेव्हा खेचराला घोडीकडून ३२ आणि गाढवाकडून ३१ अशी एकूण ६३ मिळतात. त्याचे शरीर उत्तम वाढते, ते चांगले दणकट असते, कारण सूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्र स्वतंत्रपणे पेशीच्या मध्यावर येते आणि त्याला जोडीदाराची गरजच पडत नाही. युग्मके तयार करण्याची वेळ आली की मात्र अडचण उभी राहते. ६३ ही विषम संख्या आहे, शिवाय घोड्याच्या आणि गाढवाच्या गुणसूत्रांची रचनाही नीट जुळत नाही, त्यामुळे जोड्या पुरेशा बांधल्या जात नाहीत आणि खेचर बहुधा वांझ राहते. पेशी तीच, गुणसूत्रे तीच, एक विभाजन सुरळीत होते आणि दुसरे अडते. या दोन विभाजनांतला फरक सांगणारे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

आता भावंडांच्या वेगळेपणाकडे वळू, आणि त्यासाठी रक्तगटाचे उदाहरण घेऊ. ए, बी, ओ हा गट ठरवणारे जनुक माणसाच्या नवव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते आणि गट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ठरवणाऱ्या आरएच घटकाचे जनुक पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. समजा, वडिलांचा रक्तगट ए पॉझिटिव्ह आहे, परंतु त्यांच्या एका नवव्या गुणसूत्रावर ए चे आणि दुसऱ्यावर ओ चे जनुक आहे, तसेच एका पहिल्या गुणसूत्रावर पॉझिटिव्हचे आणि दुसऱ्यावर निगेटिव्हचे. पहिल्या मध्यावस्थेत, म्हणजे जोड्या पेशीच्या मध्यावर उभ्या राहतात तेव्हा, नवव्या जोडीतले ए असलेले गुणसूत्र वरच्या बाजूला येईल की खालच्या, हे पहिली जोडी कशी उभी राहिली आहे यावर अवलंबून नसते. म्हणून त्यांच्या शुक्रपेशी चार प्रकारच्या असतात, ए व पॉझिटिव्ह, ए व निगेटिव्ह, ओ व पॉझिटिव्ह, ओ व निगेटिव्ह, आणि हे चारही प्रकार सारख्याच प्रमाणात तयार होतात. आईचा गट बी पॉझिटिव्ह असेल आणि तिच्याकडेही ओ व निगेटिव्ह ही अप्रभावी जनुके दडलेली असतील, तर तिच्या अंडपेशीही याच पद्धतीने चार प्रकारच्या होतील. चार गुणिले चार अशी सोळा घरांची चौकट काढून पाहा. या जोडप्याला आठही रक्तगटांपैकी कोणत्याही गटाचे मूल होऊ शकते. आईवडील दोघेही पॉझिटिव्ह असताना ओ निगेटिव्ह मूल जन्माला येण्याची शक्यता सोळात एक आहे. अशा वेळी काही घरांत नको ती शंका घेतली जाते, ती केवळ अज्ञानातून आलेली असते आणि एखाद्या बाईला त्याचा फार मोठा त्रास सोसावा लागतो, म्हणून ही चौकट प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने एकदा तरी भरलीच पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

ही झाली दोन जोड्यांची गोष्ट. २३ जोड्या धरल्या तर केवळ त्यांच्या उभे राहण्याच्या फरकामुळे एका व्यक्तीत ८३,८८,६०८ प्रकारची युग्मके संभवतात, आणि आईवडील दोघांची मिळून ही संख्या सुमारे ७० लाख कोटी होते. यात भुजांची अदलाबदल मोजलेलीच नाही, आणि ती धरली तर गणतीला अर्थ उरत नाही. पुरुषाच्या एका शुक्रजनक पेशीत अशी अदलाबदल सर्व गुणसूत्रे मिळून सरासरी ५० च्या आसपास ठिकाणी होते, तर स्त्रीच्या अंडजनक पेशीत त्याहून अधिक ठिकाणी. तुम्ही आपल्या मुलाला दिलेले नववे गुणसूत्र म्हणूनच सहसा संपूर्ण आजीचेही नसते आणि संपूर्ण आजोबांचेही नसते, ते दोघांच्या तुकड्यांनी जोडलेले असते. सख्ख्या भावंडांमध्ये वारसा सरासरी निम्मा सामाईक असतो असे आपण शिकतो ते बरोबरच आहे, पण ती सरासरी आहे. एखाद्या जोडीत तो ४० टक्क्यांच्या आसपास असतो आणि एखादीत ६० च्या आसपास. एकसारखी जुळी याला अपवाद ठरतात, कारण ती एकाच युग्मनजाच्या, म्हणजे फलित अंडपेशीच्या, सूत्री विभाजनातून घडतात आणि अर्धगुणसूत्री विभाजनाची फेरफार त्यापूर्वीच होऊन गेलेली असते.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेल यांनी वाटाण्यावरील आपले निष्कर्ष १८६५ मध्ये वाचून दाखवले आणि १८६६ मध्ये ते छापले गेले, तेव्हा गुणसूत्रांचे हे वर्तन कोणालाच ठाऊक नव्हते. वॉल्टर सटन यांनी नाकतोड्याच्या पेशींमध्ये जोड्या बांधल्या जाताना आणि सुटताना पाहून १९०२-०३ च्या सुमारास मेंडेल यांचे घटक, म्हणजे आजची जनुके, गुणसूत्रांवरच असावेत असे मांडले. मेंडेल यांचा स्वतंत्र संक्रमणाचा नियम म्हणजे वरच्या रक्तगटाच्या उदाहरणातले जोड्यांचे स्वतंत्रपणे उभे राहणेच होय. आणि माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत हे नक्की ठरले ते १९५६ मध्ये, त्यापूर्वी तीसेक वर्षे ती ४८ मानली जात होती.

शेवटचा भाग मानवी शरीराचा, आणि तो बहुतेक वेळा अर्धवट शिकवला जातो. पुरुषात हे विभाजन पौगंडावस्थेत सुरू होते आणि एका पेशीपासून चार शुक्रपेशी तयार होतात. स्त्रीत ते तिच्या स्वतःच्या जन्माआधीच, आईच्या गर्भाशयात असतानाच सुरू होते आणि पहिल्या पूर्वावस्थेत, जोड्या बांधलेल्या स्थितीत, थांबते. दर महिन्याला अंडमोचनाच्या वेळी एखादी पेशी पहिले विभाजन पूर्ण करते आणि दुसऱ्याच्या मध्यावस्थेत पुन्हा थांबते, ते दुसरे विभाजन शुक्रपेशी आत शिरली तरच पूर्ण होते. जवळजवळ सगळा पेशीद्रव एकाच अंडपेशीकडे जातो, बाकीच्या पेशी ध्रुवपिंडे म्हणून अगदी लहान राहतात, कारण गर्भाच्या पहिल्या दिवसांचा साठा विभागून चालत नाही. याचा अर्थ असा की चाळिसाव्या वर्षी सुटणाऱ्या अंडपेशीत ती गुणसूत्रांची जोडी चाळीस वर्षांहून अधिक काळ बांधलेली होती. या दीर्घ काळात कोहेसिनची पकड सैल होते, आणि वयानुसार गुणसूत्रांचे वाटप चुकण्याचे ते एक प्रमुख कारण मानले जाते. एकविसाव्या क्रमांकाची जोडी वेगळी न होता दोन्ही गुणसूत्रे एकाच अंडपेशीत गेली, तर बाळात ती तीन होतात आणि एकूण संख्या ४७ होते. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये डाऊन सिंड्रोमचे हे कारण प्रथम नोंदले गेले. इतर बहुतेक गुणसूत्रांच्या बाबतीत असे घडले तर गर्भ टिकतच नाही. एकविसावे लहान आहे आणि त्यावरील जनुकेही कमी आहेत, म्हणून हे मूल जन्मते आणि योग्य साथ मिळाली तर चांगले जगतेही. यात आईचा कोणताही दोष नसतो, हे वर्गात शिकवताना स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

परीक्षेत पहिल्या आणि दुसऱ्या पश्चावस्थेतील फरक विचारला, तर उत्तराची सुरुवात गुणसूत्रबिंदूपासून करा. पहिल्या वेळी तो अखंड राहतो आणि जोडीतली दोन गुणसूत्रे वेगळी होतात, दुसऱ्या वेळी तो दुभंगतो आणि अर्धगुणसूत्रे वेगळी होतात. सोबत लाल-निळ्या रंगांची आकृती काढताना अदलाबदल झालेली टोके शेवटच्या चारही पेशींपर्यंत त्याच रंगात न्या, म्हणजे चारही पेशी एकमेकींपासून वेगळ्या आहेत हे तपासणाऱ्याला आकृतीतच दिसेल.