भाऊ म्हणतो, हक्कसोडपत्रावर सही कर

प्रश्न : माझं वय ५५. लग्न १९९२ साली झालं. मागच्या वर्षी वडील वारले. गावाकडे आजोबांपासून चालत आलेली सहा एकर बागायत आहे. मला दोन भाऊ, आई हयात आहे. थोरला भाऊ म्हणतो, पुढच्या आठवड्यात तालुक्याला ये आणि हक्कसोडपत्रावर सही करून टाक. तुझं लग्न चौऱ्याण्णवच्या आधीचं, कायद्यानं तुला काही मिळतच नाही. आई म्हणते, आपल्यात बहिणी हिस्सा घेत नाहीत, भावांशी वाकडं घेऊ नकोस, माहेर तुटेल. मला जमीन हवीच असं नाही, पण सही करायला हात धजत नाही. काय करू?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, पुढच्या आठवड्यात तालुक्याला जाऊ नका. भावाला फोन करून सरळ सांगा, कागद वाचल्याशिवाय मी सही करणार नाही. एवढं झालं की पुढचं वाचा.

तुम्हाला हक्कच नसेल, तर तो सोडायला बोलावणं कशाला आलं असतं? तुमच्या सहीवाचून अडतं, म्हणून तर आलं. चौऱ्याण्णवची गोष्ट मात्र भावानं मनची रचलेली नाही. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीनं हक्क मिळाला, आणि त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं गेलं. ते गावोगावी इतकं पक्कं बसलंय की आजही तुमच्यासारख्या बायकांना तेच ऐकवलं जातं. पण ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राचा कायदा बदलला आणि लग्नाची अट राहिली नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मानं येतो. २००५ साली वडील हयात होते की नव्हते, हेही बघायचं नाही. तुमचे वडील तर मागच्या वर्षीपर्यंत होते.

दोन गोष्टी तेवढ्या तपासा. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्रानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं वाटप झालं असेल, तर ते उकरता येत नाही. 'आमची तोंडी वाटणी झाली होती' एवढं म्हणून मात्र भागत नाही. आणि वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल, तर ते त्यांच्या स्वतःच्या वाट्यापुरतंच चालतं. यातलं काही नसेल, तर सहा एकरांत आई, दोन भाऊ आणि तुम्ही, असे चौघे सारखे. प्रत्येकी दीड एकर, म्हणजे ६० गुंठे.

आईचेही ६० गुंठे आहेत, हे आईला कुणी सांगितलंय का? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. बहिणीसोबत आईचाही अंगठा घेतला जातो आणि ती मुलांच्या भरवशावर राहते. परंपरेचंच म्हणाल, तर वडिलांच्या मागे वाटणी करताना आईला मुलांइतका वाटा द्यावा, असं याज्ञवल्क्य स्मृतीत आहे. गावात परंपरा म्हणून जे सांगितलं जातं, त्यात हे कधी येत नाही. सांगणाऱ्यांच्या सोयीचं तेवढंच येतं.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हे कसं होतं, ते मी वकिलीत सतत पाहत आलेय. भावानं नवी साडी घेतलेली असते, ती नेसून बहीण बाकावर बसलेली असते. नंबर आला की कॅमेऱ्यासमोर फोटो, मशीनवर अंगठा, मग सह्या. साहेब विचारतात, 'वाचलंत का? मान्य आहे का?' तिनं तोंड उघडायच्या आत मागून भाऊ म्हणतो, 'हो हो, सगळं समजावून सांगितलंय.' पानं उलटली जातात, बोट दाखवेल तिथं ती सही करते. संध्याकाळच्या एसटीत बसते तेव्हा तिच्याकडे नक्कलसुद्धा नसते. पुढे ते पत्र रद्द करायचं, तर फसवणूक झाली हे कोर्टात तिलाच शाबीत करावं लागतं, तेही कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. म्हणून मी इतकी घाईनं 'जाऊ नका' म्हणाले.

आता माहेर. तुमच्या आईची भीती खोटी नाही. हिस्सा मागितला म्हणून भाऊबीजेला दार न उघडलेली घरं मी पाहिली आहेत. ते दुःख मोठं असतं आणि कायद्याचं कलम त्यावर फुंकर घालत नाही. पण सही केलेल्या बहिणींची माहेरंही टिकतातच, असं नाही. म्हातारपणी, नवऱ्याच्या आजारपणात त्या भावाकडे गेल्या, तेव्हा वहिनीनं चहा देऊन वाटेला लावलेल्याही मला ठाऊक आहेत. सहीनं माहेर राखलं जातं, याची हमी कुणी देऊ शकत नाही. 'तुझ्या लग्नात खर्च केला, तोच तुझा हिस्सा' हेही तुम्हाला ऐकवतील. भावांची शिक्षणं झाली, लग्नं झाली. तो खर्च कुणी त्यांच्या हिश्श्यातून वजा केला का?

तुम्ही हक्क सोडूच नका, असं मी म्हणत नाही. धाकटा भाऊ कर्जात असेल, त्याच्यासाठी सोडावासा वाटला, तर जरूर सोडा. पण हक्क आधी तुमच्या नावावर येऊ दे. वारसनोंद चौघांची झाली पाहिजे; हक्कसोड हा त्यानंतरचा, वेगळा दस्त आहे. मधला मार्गही आहे : नाव लावून घ्यायचं, जमीन भावांनाच कसू द्यायची, वर्षाचा खंड, म्हणजे जमीन कसण्याचं भाडं, ठरवून लिहून घ्यायचा. अशानं शांतपणे निभावलेली घरंही आहेत. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर 'नंतर भरू' म्हणून सही मागितली, तर कुणीही मागो, देऊ नका.

पहिलं काम आजच करा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपयांत मिळतो, मुलाला काढून द्यायला सांगा. कब्जेदारांत, म्हणजे जमीन ज्यांच्या नावावर आहे त्यांच्यात, कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. पुष्कळदा बहिणीचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात टाकलेलं असतं आणि तिला वाटतं, आपलं नाव लागलंय. तसं असेल तर दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल. फक्त भावांच्या नावे फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला असेल आणि तुम्हाला नोटीस आली असेल, तर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

सातबारा आणि शेवटच्या फेरफाराची नक्कल हाती आली की मला पुन्हा लिहा. त्यात नेमकं काय लिहिलंय ते उतरवून पाठवा, आणि आईचं नाव कुठल्या रकान्यात आहे तेही.